सूपभर कोंड्याला विकलेला

मी, सांडू रंगनाथ म्हस्के, वय छप्पन्न वर्षे, धंदा मोटर वाइंडिंग, राहणार गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव फुलंब्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो छातीत, आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गणपती बसतील त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे येत्या गुरुवारी, माझी छाती उघडून बायपास करणार आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट "आत्ता हे अभद्र कशाला लिहीत बसलात" म्हणून घरातल्यांनी दोनदा पेन लपवून ठेवलं.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. नमुना चांगला आहे, पण त्यात नुसती मिळकत आहे, माणूस कुठेच नाही. मी सातवीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं, मोटर काय आणि शुद्ध मराठी काय, उघडून बघून शिकलो. म्हणून नमुना बाजूला ठेवला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

दुकानाच्या पाटीवर आणि बँकेत मी 'एस. आर. म्हस्के' आहे. इथे पूर्ण नाव लिहिलं, कारण पुढचं सगळं त्या नावावरूनच आहे.

कलम १. गारखेड्याचे राहते घर माझ्यामागे माझी पत्नी रत्नमाला हिचे, आणि तिच्यामागे माझी मुलगी तनुजा हिचे. दोघींना विकण्याची, भाड्याने देण्याची पूर्ण मुभा आहे. गच्चीवरच्या टाकीचा पाइप मी मुद्दाम दीड इंची टाकलेला आहे. कोणी प्लंबर "पाऊण इंचीत भागतं ताई" म्हणाला तर त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावा.

कलम २. तळमजल्यावरची पूर्वेची खोली माझी आई भागूबाई हिला तिच्या हयातीपर्यंत वापरायला देत आहे. ती खोली तिच्या मापाने बांधली आहे. उंबरा ठेवलेला नाही, बटणे तिचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर आहेत, आणि तिला गॅसवरची भाकरी गोड लागत नाही म्हणून मागच्या दाराशी चुलीपुरता ओटा केला आहे. बांधून झाल्यावर ती एकदा आली. भिंतीवरून हात फिरवला. "लई चांगली झाली. पावण्यारावळ्याला ठेवा," म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं शिवराजकडे फुलंब्रीला परत गेली.

(या कलमाबद्दल पुढे पाहावे.)

कलम ३. मुकुंदवाडीचे दुकान, वाइंडिंगची यंत्रे, तांब्याच्या तारेची शिल्लक बंडले आणि हत्यारे तनुजाला. ती चितेगावच्या कंपनीत माल तपासण्याच्या खात्यात आहे. दुकान चालवायचं की विकायचं, ते तिनं ठरवावं. पण तारेची जाडी मोजायचं माझं स्क्रूगेज तिच्याशिवाय कोणी हातात धरू नये. त्याला शून्याची चूक नाही, कारण मी ते कधी कोणाला उसनं दिलेलं नाही. बँकेतली शिल्लक रत्नमालाची.

कलम ४. स्वयंपाकघरातले पितळी ताट. हे ताट माझं नाही. मी विसरलो असं कोणाला वाटू नये म्हणून नोंद करतो. ते माझ्या आजीचं, वडिलांच्या आईचं, आवडाबाईचं. तिनं ते माझ्या आईला दिलं. आईनं ते शिवराजच्या बायकोला न देता माझ्या रत्नमालाला दिलं. पुढे ते तनुजाला जाईल आणि तिच्याकडून माझी नात संस्कृती हिला. बायकांच्या हातून बायकांच्या हातात. मधल्या एकाही पुरुषाला कोणी विचारलेलं नाही, मलाही नाही.

श्रावणी अमावास्येला, पिठोरीला, आमच्यात आई उपास धरते. पूजा झाली की वाणाचं ताट डोक्यावरून पाठीमागे धरते आणि मागे वळून न बघता विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी. मागे उभं असलेलं लेकरू म्हणतं, मी अमका. मग ते ताट त्याच्या हातात येतं. दरवर्षी रत्नमाला विचारते आणि तनुजा सांगते. गेल्या वर्षापासून तनुजा विचारते आणि संस्कृती एवढ्या मोठ्यानं ओरडते की शेजारचे खिडकीत येतात. मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत पंख्याची मोटर उघडून बसलेला असतो. पंखा बिघडलेला नसतो.

माझी सूचना अशी. यापुढे या घरात पिठोरीला ताट उचलण्याआधी तीन नावं मोठ्यानं घ्यावीत: आवडाबाई, साळूबाई, भागूबाई. साळूबाई कोण, ते पुढच्या कलमात आहे. क्रम बदलू नये. पहिलीनं टाकलं, दुसरीनं उचललं, तिसरीनं पाजलं. या तिघींनी मिळून एक मूल जगवलं आहे. त्यांच्या नवऱ्यांची नावं घेण्याची जरूर नाही, माझंही नको.

कलम ५. माझा धाकटा भाऊ शिवराज रंगनाथ म्हस्के, राहणार फुलंब्री, यास मी काहीही देत नाही. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा तो कसतो, त्यानं तो पुढेही कसावा, पण मालकी तनुजाची. तो वाईट माणूस नाही. पण कारण लिहिलं नाही तर लोक म्हणतील की भावाभावांत बांधावरून बिनसलं होतं. बांधावरून नाही. आईवरून आहे, आणि शिवराजला ते ठाऊकही नाही.

माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले आणि दोघेही गेले. एक रांगायला लागल्यावर, एक बारशाच्या आधी. तिसरा मी. तेव्हा आवडाबाईनं ठरवलं की हे लेकरू आपलं म्हणून ठेवायचंच नाही. पाचवीच्या दिवशी तिनं मला सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणे गावची सुईण साळूबाई तिकडून आली. पुढचं बोलणं साळूबाईनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मला ते स्वतः ऐकल्यासारखं वाटतं.

"कोणाचं लेकरू हाय गं हे?"

"कोणाचंच नाय. सांडलेलं हाय."

"मंग मी नेऊ का?"

"फुकट नाय न्यायचं. मोल टाक आन ने."

साळूबाईनं सूपभर कोंडा मोजला आणि मला उचललं. त्यावरून मी सांडू. आमच्या भागात ही रीत होती. मरणाला वाटावं की या घरात मूलच नाही, म्हणून. मी वाढलो आमच्याच घरात, दूध आईचंच प्यायलो, पण नावानं साळूबाईचा. ही विक्री कायमची नसते. मुलाच्या लग्नात, हळद लागायच्या आधी, आई सूपभर कोंडा परत देते आणि लेकरू आपलं करून घेते.

माझ्यानंतर शिवराज झाला. तोवर मी जगलो होतो, त्यामुळे घरातली भीती मोडली होती. त्याला उकिरडा नाही, सूप नाही, कोंडा नाही. नाव थेट शिवराज. आईच्या तोंडात दिवसभर "माहा शिवा", "माहा राजा". माझ्यासाठी "साळूबाईचा सांडू". शाळेत मास्तरांनी आईला विचारलं, "हा थोरला तुमचाच ना?" आई म्हणाली, "आमच्याकडं ऱ्हातो."

शिवराजला ती आजही शिव्या देते. "मुडद्या, ऊठ, म्हशीला पाणी दाव." मला तिनं आयुष्यात एक शिवी दिलेली नाही. मी फुलंब्रीला गेलो की सतरंजी, पाण्याचा तांब्या, निघताना टॉवेल-टोपी. रत्नमालाला ती चारचौघांत "माही लेक" म्हणते. मग मी कोण? जावई. तनुजा झाली तेव्हा बघायला आली आणि म्हणाली, "साळूबाईची नात झ्याक हाय." मी एकदा स्वतःहून म्हशीला पाणी दाखवायला उठलो, तर माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि शिवराजला हाक मारली. त्या बादलीचा मला अजून हेवा वाटतो. हे वाचून कोणाला हसू आलं तर त्यानं हसावं, पण वाक्य खोडू नये.

साळूबाईबद्दल मी वाकडा शब्द लिहिणार नाही. तिला पोटचं मूल नव्हतं. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं, पण पिठोरीला ती उपास धरायची तो माझ्या एकट्यासाठी. ज्वारीच्या पिठाची खीर करायची, पाठ करून विचारायची, "अतीत कोण?" मी सांगायचो. ताट मिळायचं. पण खाताना माझे कान चार घरं सोडून आमच्या दाराशी असायचे. तिथं शिवराज ओरडत असायचा.

माझ्या लग्नात साळूबाई नवं लुगडं नेसून मांडवात आली. मला परत करायला ती वर्षानुवर्षं मनाची तयारी करत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आईसमोर उभी राहून म्हणाली, "भागूबाई, आण माहा कोंडा आन घे तुहं लेकरू." आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे साळूबाई. तुहाच हाय तो." आणि हळद कालवायला आत गेली. साळूबाईला रडू आलं, आनंदाचं की कशाचं ते मला कळलं नाही. मला मात्र हळद लागताना अंगाची आग झाली.

साळूबाई वारली तेव्हा अग्नी मी दिला. तिचा एकही फोटो नाही. असता तर या घरात पहिला तिचा लागला असता.

कलम ६. गेल्या शुक्रवारी पिठोरी होती. छाती उघडायच्या आधी आपलं एवढं एक काम पुरं करावं, असं मी ठरवलं. नवं सूप घेतलं, गिरणीतून गव्हाचा कोंडा घेतला. साळूबाईच्या जागी रत्नमालानं उभं राहायचं ठरलं. आम्ही फुलंब्रीला गेलो. पोळ्याचा दिवस, शिवराज बैलांच्या शिंगांना रंग देत बसला होता.

आईनं सूप पाहिलं. "हे काय आणलं?"

"कोंडा."

"बरं झालं. म्हशीला घाल."

मी म्हणालो, "आई, गुरुवारी ऑपरेशन आहे. त्याच्या आधी मला परत घे."

ती पूजेला बसली. पूजा झाली, तिनं ताट डोक्यावर घेतलं, पाठीमागे धरलं आणि विचारलं, "अतीत कोण?" मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो. मी म्हणालो, "मी. सांडू."

ताट खाली आलं नाही. ऐंशीच्या घरातली बाई, ताट तसंच वर धरून राहिली. तिनं पुन्हा विचारलं, "अतीत कोण?" मी पुन्हा सांगितलं. मग ती दाराकडे तोंड करून ओरडली, "शिवराज, कुठं मेलास रे?" शिवराज रंगाचे हात घेऊन धावत आला, "मी, मी शिवराज," म्हणाला, आणि ताट त्याच्या हातात गेलं. त्याच्या बोटांचा हिरवा रंग ताटाला लागला.

आम्ही जेवायला थांबलो नाही.

कलम ७. सबब, माझे काही बरेवाईट झाल्यास माझा अंत्यविधी संभाजीनगरातच करावा. फुलंब्रीला नेऊ नये. भागूबाई रंगनाथ म्हस्के हिला कळवावे, तिने यावे, बसावे. पण "माझा लेक" असे म्हणून तिला रडू देऊ नये. तसा हक्क बजावण्याची संधी तिला दोन वेळा मिळाली होती आणि तिने दोन्ही वेळा भरल्या घरात तो सोडून दिला आहे. ती तसे रडू लागल्यास तनुजाने तिला शांतपणे हे कलम वाचून दाखवावे.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं होतं. रत्नमालानं ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि मला न विचारता फुलंब्रीला फोन लावला. दुपारी दुधाच्या गाडीत पुढे बसून आई आली, सोबत शिवराज. पुढचं मी जसं घडलं तसं लिहितो. पहिले कागद फाडत नाही. खाडाखोड केली की संशय येतो, आणि मला संशयाला जागा ठेवायची नाही.

"काय लिवलंस ते वाच," आई खुर्चीवर न बसता म्हणाली.

मी कलम सात वाचलं.

"मला रडू द्यायचं नाय?"

"माझा म्हणून रडू द्यायचं नाही, असं आहे."

शिवराज दारातूनच म्हणाला, "दादा, तुला वाटतं सगळं मलाच भेटलं. मला टायफाईड झाला तवा ही वावरात खुरपत व्हती. आन तुहा एक दिस फोन नाय आला तर घरात चूल पेटत नाय. माही लेकरं उपाशी निजवली हिनं तुह्यापायी. मी काय कमी जळलो का तुह्यावर?"

"तू गप रे मुडद्या," आई म्हणाली, "आन चिखलाचे पाय घेऊन कुठं चढला फरशीवर?" मग माझ्याकडे वळली. "त्या दोघांना मी माहं म्हनले व्हते. थोरल्याला तर दारात घेऊन बसायची, आल्या-गेल्याला दाखवायची, बघा माहा लेक. लई मोठ्यानं म्हनायची. सांग, ऱ्हायले का?"

मी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"तुला एकदा बी म्हनले नाय. तू हाय ना?"

"शिवराजला म्हणतेस. तोही आहेच की," मी म्हणालो. मुद्दा सोडायची मला सवय नाही.

"तो तुह्या आडोशाला वाढला. पुढं तू व्हतास ना उभा, विकलेला." तिनं माझ्या शर्टाच्या गुंडीजवळ बोट टेकवलं, जिथं कापणार आहेत तिथं. "आन आता डाक्टर हितं उघडं टाकणार, आन त्याच हप्त्यात मी पुढं होऊन सांगू, हा माहा हाय म्हून? कामून? येडी हाय का मी? मांडवात नाय म्हनले, आन आता म्हनू?"

"मांडवात तरी काय होतं? मी तर धडधाकट होतो."

"थोरला बी धडधाकट व्हता."

रत्नमाला तोंडाला पदर लावून आत गेली. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं: "आणि मी गेलोच तर?"

"तवा म्हनीन," आई म्हणाली. "तवा मला कोणाचं भ्या? जालन्याला ऐकू जाईल असं म्हनीन. तुहं कलम घाल चुलीत."

कलम ८. सबब, कलम सात मी माझ्या राजीखुशीने रद्द करीत आहे. भागूबाई हिला हवे तेवढे, हवे त्या शब्दांत रडू द्यावे. कोणी तिला पाणी पाज, समजूत घाल असे करू नये. तिचं पुरं होईस्तोवर थांबावं. अंत्यविधी फुलंब्रीला करायचा की इथे, हेही तिने सांगावे.

कलम ९. कलम दोनमधली खोलीची तरतूद आईच्या सांगण्यावरून रद्द करीत आहे. तिचे म्हणणे, "साळूबाईच्या लेकराच्या घरात माहा हक्क कशाला लिवतोस? कोणी वाचलं म्हंजे?" खोली रिकामी ठेवू नये. रत्नमालाला वाटेल त्याला द्यावी. मात्र बटणांची उंची बदलू नये.

कलम १०. शिवराजला मी अजूनही काही देत नाही. हे त्याला तोंडावर वाचून दाखवलं, तर म्हणाला, "मंग बरंच झालं, मला सही करता येईल." वकीलसाहेबांचा सल्ला होता की ज्याला यातून काही मिळणार नाही आणि ज्याचा यात काही संबंध नाही, असा माणूस साक्षीदार घ्यावा. शेजारच्या दोघांना मी सांगून ठेवलं होतं. आईनं ते ऐकलं आणि पुढे आली. "म्हंजे माह्यासारखं," म्हणाली, आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवून उभी राहिली.

या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी माझी मुलगी तनुजा हिला नेमत आहे. वर लिहिलेले सर्व मी वाचले, साक्षीदारांना वाचून दाखवले, आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली. लिहितेवेळी शिवराजला चिखल पुसायला लावलं जात होतं आणि ते मला ऐकू येत होतं. हेवा वाटत नाही असं लिहिलं तर शपथेवर खोटं लिहिल्यासारखं होईल.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २५ ऑगस्ट २०२५, सोमवार

सही: सांडू रंगनाथ म्हस्के

साक्षीदार:

शिवराज रंगनाथ म्हस्के, धंदा शेती, राहणार फुलंब्री. सही.
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: गावकरी. (आईने असे लिहायला लावले. सही करताना तो हसत होता.)

भागूबाई रंगनाथ म्हस्के, वय अंदाजे ऐंशी, राहणार फुलंब्री. डाव्या हाताचा अंगठा.
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: कोणी नाही. (तिने तीनदा मोठ्याने सांगितले, दाराकडे तोंड करून. मी तसेच लिहिले.)